एका धुराड्याच्या दोन शेगड्या

वरचं प्रालुंग,
२४ सप्टेंबर

देल्फिनावहिनी,

फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही. मग मी ओरडतो, आणि मोठ्या भावाच्या बायकोवर ओरडलो म्हणून दिवसभर मला चैन पडत नाही. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. माझी शाळा पाचवीत सुटली हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा चुका काढू नका आणि पत्र तिझिआनाला दाखवू नका. ती तुमची मुलगी असली तरी वकिलाच्या ऑफिसात काम करते. तिच्यासमोर माझं अक्षर नको.

विषय शेगड्यांच्या सफाईचा आहे. लोरिस मिस्त्रीचा फोन आला होता. दरवर्षीसारखा ऑक्टोबरात येतो म्हणाला. एका शेगडीचे दीडशे युरो, आणि खालून इथवर गाडी चढवायचं भाडं वेगळं. ते भाडं माझा भाऊ गुइदो होता तेव्हापासून आपण दोन घरं निम्मं निम्मं देत आलो. यंदा काय करायचं ते मला कळत नाही. जानेवारीत तुम्हाला दवाखान्यात नेलं ते तुम्ही तिकडूनच मुलीकडे पोर्देनोनेला गेलात. तेव्हापासून तुमच्या शेगडीकडे कोणी बघितलेलं नाही. हिवाळ्याला वर येणार असाल तर ती साफ केल्याशिवाय पेटवता येणार नाही. टाकीत जळणाच्या, दाबलेल्या भुशाच्या कांड्या तशाच राहिल्या असतील तर त्या ओल पिऊन फुगतात, त्या पुढे ढकलणारं आतलं मळसूत्र अडकतं, मग नुसत्या सफाईवर भागत नाही. असं मी ऐकलंय. ऐकल्यापासून रात्री जाग आली की तेच डोक्यात येतं.

म्हणजे मला आधी हे कळायला हवं, की तुम्ही येणार आहात की नाही. तुम्ही आला नाहीत तर यंदा वरच्या वाडीत शेगडी पेटलेलं घर माझं एकट्याचं. पाववाला विचारत होता, काका, एका पावासाठी हिवाळ्यात गाडी वर आणू का, की तुम्हीच खाली याल? मी म्हटलं, दोन पाव लागतात.

लोरिसला काय सांगू ते लवकर कळवा. तो फार दिवस थांबणार नाही.

तुमचा दीर,
ओलिव्हो

०

पोर्देनोने,
२ ऑक्टोबर

ओलिव्होभाऊजी,

पत्र मिळालं. तिझिआनाला दाखवलं नाही. तिने विचारलं काय लिहिलंय, मी म्हटलं, शेगडी. ती हसली. तिला वाटतं आपण दोघं म्हातारी झालो म्हणून शेगडीवर बोलतो. तिला माहीत नाही, आपण तरुणपणीही दुसऱ्या कशावर बोललो नाही.

इथे तिसऱ्या मजल्यावर भिंतीला गरम पाण्याच्या लोखंडी पन्हाळी लावल्यात. एक तारीख ठरलेली असते, त्या दिवशी त्या आपोआप गरम होतात. राख नाही, गोणी नाही, मिस्त्री नाही. पेटवायचं नाही नि विझवायचं नाही. सकाळी उठून काय करायचं ते मला अजून सापडलेलं नाही. दूध आणायला जावं तर माउरो आधीच घेऊन आलेला असतो. जावई चांगला आहे. इतका चांगला आहे की थकायला होतं.

आता तुमच्या प्रश्नाचं. जी शेगडी कोणी पेटवत नाही तिच्यासाठी मी मिस्त्रीच्या गाडीचं भाडं का भरू? आधी मला हे सांगा. ईस्टरला तिझिआना माझे उन्हाळी कपडे न्यायला वर आली होती. तुम्ही तेव्हा खाली चर्चमध्ये होतात. परत आल्यावर मला म्हणाली, आई, तुझं स्वयंपाकघर उबदार होतं. मी तिला म्हटलं, ऊन येतं ना तिकडे. त्या दिवशी पाऊस होता, हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

उन्हाळाभर मी विचारलं नाही. आता तुम्हीच लिहिता की तिच्याकडे जानेवारीपासून कोणी बघितलेलं नाही. भाऊजी, माझ्या स्वयंपाकघरात कोण बसत होतं?

हिवाळ्याचं डॉक्टर सांगतील तसं.

देल्फिना

०

वरचं प्रालुंग,
९ ऑक्टोबर

देल्फिनावहिनी,

ओल होती म्हणून. तुमच्या उत्तरेच्या भिंतीला फेब्रुवारीत काळे डाग यायला लागले होते. घर बंद राहिलं की भिंती नासतात. मी दार उघडून थोडा वेळ शेगडी लावायचो, डाग वाळेपर्यंत. कांड्या माझ्या गोणीतल्या होत्या, तुमच्या गोण्यांना हात लावलेला नाही. आणि माझी शेगडी बंद करूनच तुमची लावायचो, म्हणजे वाया काही गेलं नाही. आता शेगडी चालू ठेवून नुसतं उभं कसं राहायचं, म्हणून बसायचो. तुमच्या खिडकीतून वळणापर्यंतचा रस्ता दिसतो. माझ्या खिडकीतून चर्चच्या लाकडांची शेड दिसते, तीही मागून. पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. लिहायला घेतलं होतं, मग ते वाक्य सोडून दिलं.

पण आता त्याहून मोठं लचांड उभं राहिलंय आणि मला कोणाशी बोलायचं ते कळत नाही.

लोरिस सोमवारी दुसऱ्या कामासाठी खालच्या वाडीत आला होता, तसाच वर येऊन बघून गेला. गेल्या वर्षापर्यंत त्याचा म्हातारा मालक यायचा, तो नुसतं झाडून, ग्रापा दारूचा एक पेला पिऊन जायचा. मालक आता घरी बसला. लोरिसने धुराड्यात खालून आरसा धरला, बराच वेळ बघितलं, मग हात पुसले. म्हणाला की याच्यावर मी सही करणार नाही. मी विचारलं का. तर एका धुराड्यात दोन शेगड्या चालत नाहीत, पूर्वीही चालत नव्हत्या, मालकाने डोळेझाक केली होती.

मी त्याला सगळं सांगितलं. भूकंपानंतर घर पुन्हा उभं केलं तेव्हा बाबांनी मधोमध भिंत घातली, कारण तुमचं नि माझ्या रीनाचं एका चुलीवर जमत नव्हतं. स्वयंपाकघरं दोन केली आणि धुराडं एकच ठेवलं, कारण सरकारी मदतीत दुसरं बसत नव्हतं. दोन्ही घरांचा धूर इतकी वर्षं एकत्र वर गेला, कोणाला काही झालं नाही.

तो म्हणाला, "काका, तेव्हा लाकडाच्या चुली होत्या, धूर आपल्या पायाने वर जायचा. या शेगड्या पंख्याने धूर ढकलतात. तुमची चालू असली की तो एकतर वर जाईल, नाहीतर भिंतीपलीकडे उतरेल. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो."

असं तो सहज म्हणाला, कॉफीत साखर ढवळता ढवळता. मी त्या दिवसापासून शेगडी लावलेली नाही. आता तुमच्याकडे कोणी नाही हे मला समजतं, पण बटणावर बोट ठेवलं की गुइदो गेल्यानंतरच्या दोन हिवाळ्यांची आठवण येते. तेव्हा तुम्ही पलीकडे एकट्या झोपायचात आणि मी अलीकडे रात्रभर शेगडी चालू ठेवायचो.

दुसरा पाइप भिंतीतून काढून छपरावर न्यायचा तर परांची बांधावी लागेल, आणि लोरिसने जो आकडा सांगितला तो मी इथे लिहीत नाही. त्यात दोघांची पेन्शनं जातील आणि तरी पाइप छपरापर्यंत पोचणार नाही. नाहीतर दोन्हीतली एक शेगडी काढायची आणि तिचं भिंतीतलं भोक बुजवायचं. मग तो उरलेलीची सफाई करून सही करेल. कुठली, ते आपण ठरवायचं.

मला काही सुचत नाही. तुम्ही सांगाल तसं.

ओलिव्हो

०

पोर्देनोने,
१७ ऑक्टोबर

ओलिव्होभाऊजी,

माझी काढा.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण मग तुम्ही त्या दोन शब्दांवर महिनाभर जागे राहाल. म्हणून पुन्हा लिहिते. माझी काढा, माझ्या भिंतीतलं भोक बुजवा, तुमची साफ करून घ्या, आणि मिस्त्रीच्या भाड्याचा माझा निम्मा वाटा मी देईन, कारण खोळंबा माझ्यामुळे झालाय. हे मी रागाने लिहीत नाही. तुम्ही रागाचंच वाचाल, तरी सांगून ठेवते.

रीना नेहमी म्हणायची की देल्फिनाचा धूर आमच्या भांड्यांना लागतो. मी म्हणायचे, तुझ्या भांड्यांना घासणीच लागत नाही, धूर कसला लागतोय. ती बरोबर होती असं आता मिस्त्री म्हणतो. तिला सांगायला हवं होतं.

आणि आजच्या आज शेगडी लावा. दरीत पहाटे दव गोठायला लागलं असं इथल्या बातम्यांतही सांगतात. तुमचा धूर उतरला तर माझ्या रिकाम्या खोलीत उतरेल. तिथे झोपायला कोणी नाही. की आहे?

सर्व संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, आम्ही वर येतोय. गुइदोच्या नि रीनाच्या थडग्यांवर ठेवायला शेवंतीच्या कुंड्या सांगून ठेवल्यात. तेव्हा समोरासमोर बोलू. तुम्ही माझ्या डाव्या बाजूला उभे राहा, त्या कानाने थोडं येतं.

देल्फिना

०

वरचं प्रालुंग,
४ नोव्हेंबर

देल्फिनावहिनी,

तुमच्या डाव्या बाजूला उभं राहायची वेळच आली नाही.

मी सकाळपासून वाट बघत होतो. रीनाच्या थडग्यावर तुम्ही ठेवलेली कुंडी चांगली होती, पिवळी, तिला पिवळंच आवडायचं. त्याबद्दल आभार. पण स्मशानातून तुम्ही सरळ गाडीत जाऊन बसलात. काच वर. मी खिडकीपाशी आलो तर तुम्ही समोर बघत राहिलात. तिझिआना म्हणाली, आईला थंडी वाजतेय काका.

मग मी घरी आलो. अंगणात माउरो हातात टेप घेऊन उभा. तुमच्या खोल्यांची मापं घेत होता. मला बघून टेप खिशात घातला नाही, तेवढा सरळ माणूस आहे. विचारलं, "काका, छप्पर कधी बदललं होतं?" मी म्हटलं, भूकंपानंतर. म्हणाला, "आणि धुराडं कोणाच्या नावावर आहे?" धुराडं कोणाच्या नावावर असतं का हो? मी त्याला म्हटलं, आकाशाच्या. तो हसला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

आता मला समजलं, "माझी काढा" म्हणजे काय ते. जे घर विकायचं त्यात शेगडी कशाला ठेवायची. मी काही अगदीच अडाणी नाही. खालच्या वाडीत दोन घरं अशीच गेली. गाडीच्या टपावर सायकली बांधून लोक ऑगस्टमध्ये येतात, पंधरा दिवस मांस भाजतात, सप्टेंबरात फळ्या ठोकून निघून जातात. भिंतीपलीकडे तसे लोक येणार असतील तर मला कुणी आधी सांगायचं होतं. पैसे हवे होते तर सांगायचं होतं. माझ्याकडेही नाहीत, पण निदान तसं बोलणं झालं असतं.

लोरिस पुढच्या आठवड्यात येतोय. शेगडी मी अजून लावलेली नाही. कोट घालून झोपतो, कोट जाड आहे. पाववाल्याला दोन पाव सांगायचं बंद केलेलं नाही, दुसरा कोंबड्यांना घालतो. त्या माजल्यात.

काय काढायचं नि काय ठेवायचं, माउरोलाच विचारून कळवा.

ओलिव्हो

०

पोर्देनोने,
१० नोव्हेंबर

ओलिव्होभाऊजी,

आता शांतपणे वाचा. हे पत्र लिहायला मला तीन दुपारी लागल्या. मला दम लागतो, लिहितानासुद्धा.

घर विकायचं तिझिआनाच्या नि माउरोच्या मनात आहे. माझ्या नाही. मी कशावरही सही केलेली नाही. ते वाईट नाहीत. त्यांना वाटतं, आई वर जाणार नाही, घर पडून राहील, दरवर्षी काहीतरी खर्च निघेल. यातलं एकही खोटं नाही, म्हणून मला भांडता येत नाही.

कारण मी वर येणार नाही, भाऊजी. डॉक्टरांनी हे जुलैतच सांगितलं. हृदय आता तेवढ्या थंडीचं नि चढाचं राहिलेलं नाही. "डॉक्टर सांगतील तसं" असं मी तुम्हाला लिहिलं तेव्हा ते सांगून झालं होतं. तुम्ही शेगडीबद्दल इतकं लांबलचक लिहिलं होतंत, की मला ते एका ओळीत लिहवेना.

गाडीतून मी उतरले नाही कारण उतरले असते तर परत बसले नसते. एवढंच कारण. तुमच्याकडे बघितलं असतं तरी तेच झालं असतं.

आता धुराड्याचं, कारण तुम्ही ते अगदी उलटं धरून बसलात. माउरोने दलालाला विचारलंय. ज्या अर्ध्या घरात शेगडी पेटवता येते त्याला गिऱ्हाईक येतं. ज्यात पेटवता येत नाही, त्याला या डोंगरात कोणी विचारत नाही. म्हणून तो धुराडं कोणाच्या नावावर म्हणून विचारत होता. त्याला ते आमच्या बाजूला हवंय. आणि मी तुम्हाला सतरा तारखेलाच लिहून दिलं की माझी काढा. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. माझी शेगडी निघाली, भोक बुजलं, की घर विकलं जाणं अवघड. तुमच्या भिंतीपलीकडे सायकलवाले येणार नाहीत. निदान मी आहे तोवर नाहीत. मला एवढंच करता येत होतं आणि तेही तुम्ही मला दुकानदार ठरवून वाचलंत.

आणि एक. एकटं राहायची भीती वाटते तर तसं लिहा. भीती वाटते, असं. धुराड्याच्या आडून नको. मलाही वाटते, इथे, चार माणसांत.

लोरिस आला की त्याला माझी काढायला सांगा. मग तुमची पेटवा आणि तो कोट काढा.

देल्फिना

०

वरचं प्रालुंग,
१६ नोव्हेंबर

देल्फिनावहिनी,

तुमचं पत्र लोरिसच्या आदल्या दिवशी मिळालं. दोनदा वाचलं. भीती वाटते. लिहिलं.

आता जे झालं ते सांगतो. रागवायचं असेल तर पूर्ण वाचून रागवा.

लोरिस सकाळी आला. आधी तुमच्या बाजूला गेलो, कारण किल्ली माझ्याकडेच असते. त्याने तुमच्या शेगडीचं पाठीमागचं झाकण काढलं. टाकीच्या तळाशी कांड्या फुगून भुसा झाल्या होत्या, मी म्हटलंच होतं. त्याने त्या चमच्याने खरवडून काढल्या, मळसूत्र हाताने फिरवून बघितलं, फिरलं. म्हणाला, काका, ही माझ्या हातून निघावीशी वाटत नाही, अजून दहा वर्षं चालेल. मग माझ्या बाजूला आलो. माझी जुनी आहे, दाराच्या कडेची दोरी झिजलीये, पंखा खडखडतो. तो तिलाही चांगलं म्हणाला असता, पण तसा तो खरं बोलणारा आहे.

मग त्याने सिमेंटची पिशवी फोडली, घमेल्यात पाणी ओतलं आणि विचारलं, "बोला काका, कुठलं भोक बुजवायचं?"

तुमचं पत्र माझ्या खिशात होतं. काय सांगायचं ते त्यात अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं. मी तुमच्या बाजूला बघितलं. तुमची शेगडी उघडी पडलेली, बाजूला तुमचा राखेचा डबा, त्याच्यावर तुम्ही जानेवारीत अडकवून ठेवलेलं फडकं. आणि मला वाटलं, हे भोक एकदा बुजवलं की हे घर गेलं. विकलं न विकलं, गेलंच. मग तुम्ही उन्हाळ्यात जरी आलात तरी पाहुण्यासारख्या येऊन बसाल. माझ्या स्वयंपाकघरात रीना गेल्यापासून मी नुसता खातो आणि झोपतो. ते बंद झालं तर काय बिघडतं, असं मला वाटलं.

मी माझ्या भिंतीकडे बोट दाखवलं.

लोरिसने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, मिस्त्री, सिमेंट वाळतंय.

त्याने माझी शेगडी सोडवून खोलीच्या मधोमध ओढून ठेवली आणि भोक बुजवलं. मग धुराड्यात लांब दांडीचा ब्रश घातला. एक बादली भरून काजळी निघाली. आपल्या दोन्ही घरांची, कोणाची कुठली ते सांगता आलं नसतं. मग तुमची काच पुसली, सगळं परत बसवलं, पेटवून बघितली, ज्योत सरळ उभी राहिली. सही केली. सफाईचे दीडशे, आणि गाडीचं पूर्ण भाडं मी दिलं. तुमचा निम्मा वाटा नको.

हे सगळं झाल्यावर तो गेला, आणि मी तुमच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, तेव्हा लक्षात आलं की मी काय करून बसलोय. धुराडं तुमच्या बाजूला गेलं. माउरोला जे हवं होतं ते मी फुकट करून दिलं, वर मिस्त्रीचे पैसेही दिले. आता तुमचं घर आरामात विकलं जाईल, आणि माझ्या घरात पेटवायला काही नाही. विकलंत तर मला खाली गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरात जावं लागेल. तिथे भिंतीला त्या पन्हाळी आहेत.

तुम्ही मला वाचवायला एक केलंत आणि मी तुमच्यासाठी म्हणून त्याच्या उलट केलं. आपण दोघांनी मिळून माउरोला घर नीट करून दिलं. मी आता फार थकलोय, वहिनी. सिमेंट फोडता येतं का म्हणून लोरिसला फोन केला. म्हणाला, येतं, पण काका, मी नाही येणार.

तोवर रोज संध्याकाळी तुमच्याकडे बसू ना? न विचारता बसलो आहेच. आता विचारतो.

ओलिव्हो

०

पोर्देनोने,
२३ नोव्हेंबर

ओलिव्होभाऊजी,

तुमचं पत्र मी या वेळी तिझिआनाला दाखवलं. जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचायला लावलं. अक्षर तिला लागलं, काळजी करू नका. सिमेंटपाशी आल्यावर ती थांबली. माउरो म्हणाला, काकांचं डोकं फिरलंय. मग जरा विचार करून म्हणाला, पण बरंच झालं. आणि त्याने खिशातून पेन काढलं, दलालाचा नंबर लिहून ठेवायला.

तेव्हा मी सांगितलं की घर विकता येणार नाही, ते मी भाड्याने दिलंय.

कोणाला, म्हणून तिझिआनाने विचारलं. मी म्हटलं, ओलिव्होला. माउरो म्हणाला, "आई, भाडं किती?" मी म्हटलं, वर्षातून एकदा शेगडीची सफाई, दीडशे युरो, आणि मिस्त्रीच्या गाडीचं पूर्ण भाडं. यंदाचं त्याने भरलंही आहे, पावती त्याच्याकडे आहे. माउरोने पेन टेबलावर ठेवलं. म्हणाला, हे काय भाडं झालं? पण माझी मुलगी वकिलाकडे उगाच काम करत नाही. तिने डोक्याला हात लावला नि म्हणाली, माउरो, सत्तरीच्या पुढचा भाडेकरू असलेलं घर कोणी घेत नाही. त्याला बाहेर काढेपर्यंत घेणाऱ्याचंच वय होतं. मग ती हसायला लागली. हसता हसता रडली, मग भांडी धुवायला गेली. सोमवारी ऑफिसातून कागद करून आणला. सोबत पाठवतेय. जिथे पेन्सिलने फुली आहे तिथे सही करा. अक्षराचं मनावर घेऊ नका, सही चुकीची नसते.

भाडं सान मार्तीनोच्या दिवसापासून, अकरा तारखेपासून धरलंय. आपल्याकडे भाडेकरू त्याच दिवशी घर बदलत आले, तेवढी रीत असू दे.

अटी लिहिते. उत्तरेच्या भिंतीचे डाग खरे असतील तर चुना लावा. नसतील तरी लावा. खिडकीजवळचा बाक तुमचा, पण वरचं कपाट उघडू नका, त्यात माझं आहे. रीनाचा फोटो आणून टेबलावर ठेवायचा असेल तर ठेवा. ती माझ्या स्वयंपाकघरात बसायला कधी राजी झाली नाही, आता होईल.

मी उन्हाळ्यात येईन की नाही ते मला माहीत नाही. हे मी तुम्हाला या वेळी लगेच सांगतेय, लपवत नाही.

आणि सफाई वेळच्या वेळी करा. भाडं थकवलंत तर वसुलीला मला स्वतःला वर यावं लागेल, आणि डॉक्टरांनी मला चढ चढू नको म्हणून सांगितलंय.

देल्फिना

०

वरचं प्रालुंग,
३० नोव्हेंबर

देल्फिनावहिनी,

कागदावर सही करून पाठवली आहे. दोनदा केली, पहिली फुलीच्या बाहेर गेली होती.

काल बर्फ पडलं. नगरपालिकेचा बर्फ सारायचा नांगर अजून वर आलेला नाही, वळणापर्यंत सगळं पांढरं आहे. चुना आणलाय. हवा कोरडी झाली की लावतो. रीनाला आणून ठेवलंय. तिच्या तोंडावरून काही कळत नाही.

तुमच्या शेगडीचं थोडं लिहितो. संध्याकाळी बटण दाबलं की आधी ती बराच वेळ नुसती फुंकत राहते. मला वाटतं पेटणारच नाही, दरवेळी वाटतं, आणि मी उठून उभा राहतो. मग आत एक कांडी पडते, मग दुसरी, आणि मग पेटते. तेव्हा बसतो. तेवढं झालं की मग फार काही करायचं नसतं.

भाड्याचं तुम्ही लिहिलंत त्यावर मी चार दिवस विचार केला. आजपर्यंत मी कोणाचं काही थकवलेलं नाही, दुकानदाराचं नाही, चर्चचं नाही, लोरिसचं नाही. गुइदो मला त्यावरून चिडवायचा.

पण पुढच्या ऑक्टोबरात तुमचं भाडं थकवावं म्हणतो.

तुमचा भाडेकरू,
ओलिव्हो